'द बिग बुल'च्या टीमला आणि शेअर बाजारावर पुढचा सिनेमा लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
'द बिग बुल' बनवणारी सगळी टीम,
आणि सध्या मुंबईत कुठंतरी बसून शेअर बाजार, बँका, घोटाळे यावर पुढची स्क्रिप्ट लिहीत असलेले सगळे,

नमस्कार.

1992च्या शेअर दलाल हर्षद मेहताच्या घोटाळ्यावरचा तुमचा सिनेमा 8 एप्रिल 2021ला हॉटस्टारवर आला, तेव्हा आपल्याकडे थेटरं बंदच होती त्यामुळे घरीच बघितला, त्याच आठवड्यात, आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे. तेव्हा लिहिलं नाही कारण म्हटलं एखादा सिनेमा फसतो, चालायचंच, पुढचा कोणीतरी नीट करेल. पण नंतरही बघतेय, आपल्याकडे पैशाच्या जगावर काहीही काढायचं म्हटलं की तोच साचा, एक महत्त्वाकांक्षी माणूस, स्लो मोशनमध्ये चालणं, गाडी, बंगला, टाळीचे डायलॉग, शेवटी पोलीस. आणि त्या डायलॉगच्या क्लिप अजून माझ्या भाच्याच्या, शेजारच्या पोराच्या स्टेटसला दिसतात. म्हणून आता लिहितेच.

मी समीक्षक वगैरे नाही. एका बँकेच्या ट्रेझरी बॅक-ऑफिसला नोकरी केली, फोर्टात. म्हणजे डीलर लोक फोनवर सौदे करायचे आणि ते सौदे कागदावर उतरवणं, पैसे गेले का, रोखे आले का, रजिस्टरला नोंद बरोबर पडली का हे बघणं आमचं काम. मी लागले ते घोटाळा बाहेर आल्यानंतर, पण ज्यांच्या हाताखाली शिकले ती सगळी माणसं 1992 मधून गेलेली होती, त्यातल्या काहींना चौकशीला तासन् तास बसवलेलं होतं, आणि एखादं व्हाउचर सहीशिवाय पुढं सरकवलं तर ते ज्या आवाजात ओरडायचे तो आवाज मला अजून आठवतो. त्यामुळे या विषयावर सिनेमा येतोय म्हटल्यावर मी खूप आशेनं बसले होते, हे आधी सांगते. टीका करायची म्हणून बघायला बसले नव्हते.

तुमच्या सिनेमात तो हर्षद मेहता नाही, हेमंत शाह आहे. ठीक आहे, नावं बदलावी लागतात, कायद्याच्या भानगडी असतात, समजू शकते. अभिषेक बच्चनवरही माझा राग नाही, त्याला जे लिहून दिलं ते त्यानं केलं. पण लिहून काय दिलं? दर थोड्या वेळानं एक गडगडाटी हसणं, प्रेमाचं गाणं, भावाशी भांडण, आणि मधे मधे 'मार्केट वर गेलं, मार्केट खाली आलं' असं पडद्यावर. अडीच तासांचा सिनेमा संपला तेव्हा माझ्या बरोबर बघत असलेल्या बहिणीनं मला विचारलं, की अगं पण त्यानं नेमकं केलं काय? पैसे कोणाचे होते, ते त्याच्याकडे आले कसे? ती शाळेत गणित शिकवायची. तिला हा सिनेमा बघून ते कळलं नाही, तर चूक तिची नाही ना.

मग मी तिला सांगत बसले, आणि सांगताना परत तेच वाटलं की अरे, सिनेमा तर हा होता. तुम्हालाही सांगते.

त्या काळात बँकेला शंभर रुपयांच्या ठेवी असल्या तर त्यातले साडेअडतीस रुपये सरकारी रोख्यांत, म्हणजे सरकारला दिलेल्या कर्जाच्या कागदांत, आणि तत्सम ठिकाणी ठेवायला लागायचे, 38.5 टक्के, एसएलआर म्हणतात त्याला. एका आड एका शुक्रवारी रिझर्व्ह बँकेला हिशोब द्यायचा. एखाद्या बँकेकडे रोखे जास्त आणि रोकड कमी, दुसरीकडे उलटं, मग पहिली बँक दुसरीला रोखे विकायची आणि पंधरा दिवसांनी थोड्या जास्त भावानं परत घ्यायचा वायदा करायची. याला रेडी फॉरवर्ड म्हणायचे. नावाला खरेदी-विक्री, प्रत्यक्षात पंधरा दिवसांचं कर्ज. इथपर्यंत काही बिघडलेलं नाही.

आता रोखे म्हणजे काही पोत्यात भरून न्यायची वस्तू नव्हे, त्यांची नोंद रिझर्व्ह बँकेच्या पब्लिक डेट ऑफिसात, एसजीएल खात्यात, म्हणजे बँकेच्या रोख्यांच्या खात्यात, हातानं लिहिलेल्या रजिस्टरांमध्ये. तिथं नोंद पडायला वेळ लागायचा, खात्यात रोखे नसले तर एसजीएल फॉर्म परत यायचा आणि तेही काही दिवसांनी. म्हणून बँका काय करायच्या, रोखे द्यायच्या ऐवजी एक पावती द्यायच्या, बँक रिसीट, बीआर. बँकेच्या लेटरहेडवर एक पान. त्यावर अमुक बँकेकडून अमुक रक्कम मिळाली, अमुक टक्क्यांचे अमुक सालचे अमुक किमतीचे रोखे, ते तयार झाले की ही पावती परत घेऊन दिले जातील, तोवर तुमच्या वतीनं आमच्याकडे ठेवलेत, खाली दोन सह्या आणि शिक्का. बस एवढंच. त्या एका पानावर कोट्यवधी रुपये इकडचे तिकडे व्हायचे आणि ते पान एखादा शिपाई नाहीतर ब्रोकरचा माणूस साध्या पाकिटात घालून फोर्टात एका बँकेतून दुसऱ्या बँकेत चालत नेऊन द्यायचा.

आणि मधे ब्रोकर. बँका एकमेकींशी बोलण्याऐवजी ब्रोकरशी बोलायला लागल्या, कारण तो भाव चांगला आणायचा, धावपळ करायचा. हळूहळू असं झालं की कोणाचे रोखे कोण घेतंय हे बँकेलाच माहीत नाही, तिला फक्त ब्रोकर माहीत. चेक निघायचा दुसऱ्या बँकेच्या नावानं, पण तो जमा व्हायचा ब्रोकरच्या खात्यात, 'प्रथाच आहे' म्हणून. प्रथाच आहे! आमच्या जुन्या साहेबांना हे दोन शब्द उच्चारलेले चालायचे नाहीत. एकदा पैसे ब्रोकरच्या खात्यात आले की पंधरा दिवस ते त्याचे. पंधरा दिवसांनी द्यायची वेळ आली की दुसऱ्या बँकेकडून तसेच उचलायचे आणि पहिलीचे भागवायचे. मधल्या काळात ते पैसे शेअर बाजारात.

आणि यातही एक पायरी पुढं, म्हणजे ज्या पावतीमागं रोखेच नाहीत अशी पावती. वाण्याच्या दुकानात साखरेचा दाणा नाही आणि तो गावभर साखरेच्या पावत्या वाटतोय, असं. हे कोणत्या बँकांनी केलं तर बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक या दोन छोट्या बँकांची नावं चौकशीत आली. बँक ऑफ कराड! साताऱ्याकडच्या माणसाला हे नाव ऐकून आजही कसंतरी होतं. बागायतदार, पेन्शनर, छोटे दुकानदार यांच्या विश्वासावर चालणारी बँक आणि तिच्या मुंबईतल्या शाखेतून तिच्या ऐपतीबाहेरच्या रकमांच्या पावत्या निघाल्या. मे 1992 मध्ये ती बँक बुडाली, पुढं 1994 मध्ये बँक ऑफ इंडियात विलीन झाली. मला सांगा, एका गावच्या बँकेचा मॅनेजर फोर्टातल्या एका टेबलावर बसून जी सही करतो, तो सीन दलाल स्ट्रीटच्या शंभर स्लो मोशन शॉटपेक्षा भारी नाही का? त्याला कोणी सांगितलं, काय मिळालं, पहिल्या सहीला हात थरथरला का, दहाव्या सहीला थरथरला का, घरी गेल्यावर तो जेवला का. यातलं काही मला बघायला मिळालं नाही. बीआरचा विषय तुम्ही घाईघाईत उरकलात, जणू प्रेक्षकाला तो झेपणारच नाही.

खरं सांगू का, माझ्या नाराजीचं मूळ हेच आहे. तुम्हाला वाटलं की व्यवहार दाखवला तर लोक कंटाळतील. कोणी सांगितलं असं? आपल्या घराघरात बायका भिशी चालवतात, वीस जणींचा हिशोब तोंडपाठ असतो, कोणाचा नंबर कधी, कोणी आधी उचलली, कोणी दोन हप्ते थकवले. बाबा लोक एफडीच्या पावत्या कपाटात तारखेप्रमाणे लावतात. पतपेढी बुडाली तर का बुडाली हे गावातला चहावाला तुम्हाला सांगेल, कोणत्या संचालकाच्या मेव्हण्याला कर्ज गेलं ते नावासकट. पैशाचा व्यवहार समजून घ्यायची या लोकांना सवय आहे, आवड आहे. तुमच्या सहा महिने आधी याच विषयावर दहा भागांची मालिका आली होती आणि ती लोकांनी रात्र रात्र जागून बघितली, त्यात रेडी फॉरवर्ड होतं, बीआर होती, सगळं होतं. त्यांच्याकडे वेळ जास्त होता हे मान्य, पण अडीच तासही थोडे नसतात, त्यातलं एक गाणं कमी केलं असतं तरी बीआर नीट समजावून झाली असती.

दुसरी गोष्ट, एकाच माणसाच्या खांद्यावर सगळी कथा. आधी त्याला डोक्यावर घेतलं, मग त्याला बिचारा केलं, सिस्टिमनं त्याला बळी दिलं असा सूर लावला. मी म्हणत नाही की सिस्टिम स्वच्छ होती. उलट मी म्हणते की सिस्टिम दाखवा ना! 30 एप्रिल 1992ला रिझर्व्ह बँकेनं जानकीरामन समिती नेमली, तिचे एकामागून एक अहवाल आले, चार हजार कोटींच्या वरचा आकडा निघाला, 4,024 कोटी. त्यात स्टेट बँक आहे, नॅशनल हाउसिंग बँक आहे जी स्वतः रिझर्व्ह बँकेची होती, स्टँडर्ड चार्टर्डसारखी परदेशी बँक आहे, कॅनरा बँकेची कॅनफिना आहे, एक सोडून कितीतरी ब्रोकर आहेत. नंतर संसदेची संयुक्त समिती बसली, रामनिवास मिर्धांच्या अध्यक्षतेखाली. म्हणजे डझनावारी केबिनमध्ये डझनावारी माणसांनी डोळे मिटले तेव्हा हे झालं. एकाला खलनायक केलं काय किंवा नायक केलं काय, बाकीचे सगळे सुटतात. तुमच्या सिनेमात तेच झालं. हेमंत शाहचं हसणं लक्षात राहिलं आणि ज्यांनी रोज संध्याकाळी पाच वाजता 'टॅली झालं' म्हणून खोटी सही केली ते पडद्यावर आलेच नाहीत.

पत्रकाराचंही तसंच. 23 एप्रिल 1992ला टाइम्स ऑफ इंडियात सुचेता दलाल यांची बातमी आली, स्टेट बँकेतल्या साधारण पाचशे कोटींच्या तफावतीची. एक बाई, तेव्हा वयानं तरुण, आणि समोर कोण तर देशातली सगळ्यात मोठी बँक आणि बाजाराचा सगळ्यात लाडका माणूस. अशी बातमी कशी तयार होते हे मला बघायचं होतं हो. कोणीतरी येऊन काहीतरी कुजबुजतं, ते खरं की कोणी आपल्याला वापरतंय हे कसं ठरवायचं, दुसऱ्याकडून खात्री कशी करायची, संपादकाला काय दाखवायचं, चुकलं तर एका बँकेवर रन येऊ शकतो, म्हणजे पैसे काढायला झुंबड उडू शकते, ही जबाबदारी. तुमची मीरा राव मात्र बराच वेळ गोष्ट सांगणारी झाली, सूत्रधार. इलियानाला काम करायला जागा होती, मिळाली नाही.

आणि गिरणगाव. हे मला खरंच लागलं म्हणून लिहिते. सिनेमात कामगार पुढारी राणा सावंत येतो, महेश मांजरेकर, आणि येतो तो हेमंतच्या शेअरच्या खेळापुरता. ज्या शहरात 18 जानेवारी 1982 पासून अडीच लाखाच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर कधी संपलाच नाही, त्या शहराच्या गोष्टीत कामगार पुढारी म्हणजे शेअरचा भाव वर जाण्याचं एक कारण? दत्ता सामंतांची आठवण व्हावी इतकं ओळखीचं नाव ठेवलंत, पात्र इतकं ओळखीचं उभं केलंत, तर त्याच्या मागं उभ्या माणसांकडं एकदा कॅमेरा वळवायचा होता. लालबागच्या एका चाळीत चूल बंद आणि दोन मैलांवर त्याच गिरणीच्या कागदावर कोणीतरी लाखो कमावतोय. एवढा एक कट पुरला असता.

आता छोट्या गुंतवणूकदाराबद्दल. त्यानं मध्यमवर्गाला स्वप्नं दिली असं तुमच्या सिनेमाचं म्हणणं आहे आणि ते सर्वस्वी खोटंही नाही, मी डोंबिवलीत वाढले, आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा जो तो एसीसी या सिमेंट कंपनीचा भाव विचारायचा. दोनशेच्या घरातला शेअर नऊ हजारापर्यंत गेला होता, का नाही विचारणार? सेन्सेक्स 1992च्या सुरुवातीला दोन हजाराच्या आसपास होता तो एप्रिलमध्ये साडेचार हजाराच्या जवळ. पण स्वप्न बघणाऱ्या त्या माणसाच्या हातात प्रत्यक्षात काय होतं ते दाखवा की. तेव्हा डीमॅट नव्हतं, म्हणजे शेअर कॉम्प्युटरवरच्या खात्यात नाही, कागदावर असायचे. सब-ब्रोकर सांगेल तो भाव, कारण सौदा रिंगमध्ये, म्हणजे शेअर बाजाराच्या हॉलमध्ये, ओरडून व्हायचा आणि तुमचा सौदा किती वाजता कोणत्या भावाला झाला याचा पुरावा काही नाही. मग पंधरवड्याचं सेटलमेंट, मग कधीतरी शेअर सर्टिफिकेट आणि त्याला टाचलेलं ट्रान्सफर डीड हातात यायचं. ते पोस्टानं कंपनीकडे पाठवायचं आणि वाट बघायची. दोन-तीन महिन्यांनी पाकीट परत, विकणाऱ्याची सही जुळत नाही. बॅड डिलिव्हरी. आता त्या विकणाऱ्याला शोधा, तो कुठं कलकत्त्यात. तोवर भाव निम्म्यावर.

आणि घोटाळ्यानंतर तर याहून भयंकर. जून 1992 मध्ये स्पेशल कोर्टाचा वटहुकूम आला, ज्यांची नावं जाहीर झाली त्यांची मालमत्ता गोठवली, ती ताब्यात ठेवायला कस्टोडियन नेमला. हे करणं गरजेचंच होतं. पण जे शेअर त्या लोकांच्या हातातून कधीकाळी बाजारात गेले होते आणि साध्या माणसानं पूर्ण पैसे मोजून घेतले होते, तेही अडकले. टेंटेड शेअर म्हणायचे त्यांना. म्हणजे एका शिक्षकानं पीएफच्या पैशातून शंभर शेअर घेतलेत, कंपनीकडे ट्रान्सफरला पाठवलेत, आणि उत्तर येतं की हे शेअर तुमच्या नावावर करता येत नाहीत, कस्टोडियनकडे जा. विकताही येत नाहीत. त्यानं गुन्हा काय केला? काही नाही. त्यानं मुंबईत कोर्टाला अर्ज करून सिद्ध करायचं की मी ते प्रामाणिकपणे घेतलेत. आमच्याकडे काउंटरवर असे लोक यायचे, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत ते सर्टिफिकेट, आणि विचारायचे मॅडम याचं काय करायचं. आमच्या बँकेचा त्यात संबंधही नसायचा, त्यांना फक्त कोणीतरी वाचून सांगायला हवं असायचं. या माणसावर तुम्ही कॅमेरा थांबवला असतात तर स्वप्नं दिली की घेतली हे प्रेक्षकानं आपलं आपण ठरवलं असतं, तुम्हाला डायलॉगमधून सांगावं लागलं नसतं.

तुम्ही म्हणाल, बाई, आम्ही करमणुकीचा सिनेमा केला, डॉक्युमेंटरी नाही. बरोबर आहे. पण करमणुकीच्या सिनेमाचा परिणाम डॉक्युमेंटरीपेक्षा जास्त होतो ना, म्हणूनच तर जबाबदारी जास्त. तुमचा सिनेमा ज्या काळात आला तो काळ बघा. मार्च 2020 मध्ये देशात चार कोटींच्या आसपास डीमॅट खाती होती, 2024 मध्ये ती पंधरा कोटींच्या वर गेली. लॉकडाऊनमध्ये नोकरी गेलेली, कॉलेज बंद असलेली पोरं मोबाइलवर ट्रेडिंग शिकत होती, तेही थेट ऑप्शनमध्ये, म्हणजे पुढच्या भावावरच्या सौद्यांमध्ये. आणि त्यांना प्रेरणा काय तर बिग बुल. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये आकडे दिले, 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 टक्के लोक तोट्यात, सरासरी माणशी दोन लाखाच्या आसपास तोटा, सगळ्यांचा मिळून 1.8 लाख कोटींच्या वर. माझ्या ओळखीतल्या एका मुलानं आईची मोडलेली एफडी यात घातली. तुमच्या सिनेमामुळे घातली असं मी अजिबात म्हणत नाही, तो आधीपासूनच त्या नादात होता. पण त्याच्या मोबाइलच्या वॉलपेपरला कोण होतं ते मी बघितलंय, आणि ते बघून मला जे वाटलं ते इथं नीट लिहिता येत नाही.

खरा हर्षद मेहता 31 डिसेंबर 2001ला गेला, ठाण्यात, कोठडीत असताना, 47 वर्षांचा. त्याच्या मागं राहिलेले खटले, कराच्या मागण्या, मालमत्तेचे वाद पुढं दोन दशकं चालले. त्याच्या कुटुंबानं जे सोसलं त्याबद्दल मला वाईटच वाटतं. पण यातून काय बदललं हेही सांगण्यासारखं होतं. सेबीला जानेवारी 1992 मध्ये कायद्याचे अधिकार मिळालेले, पण हातपाय फुटले ते या धक्क्यानंतर. एनएसई हा नवा शेअर बाजार 1994 मध्ये स्क्रीनवर ट्रेडिंग घेऊन आला, 1995 मध्ये बीएसईची रिंग कॉम्प्युटरवर गेली, 1996 मध्ये शेअर कॉम्प्युटरवर सांभाळणारी डिपॉझिटरी आली आणि बॅड डिलिव्हरीची पाकिटं हळूहळू बंद झाली. सरकारी रोखे आणि पैसे एकाच वेळी हलायला 1995 पासूनच लागले होते, पण 2002 मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन सुरू झालं तेव्हा आमच्या टेबलावर पहिल्यांदा असं झालं की दोन्ही बाजूंच्या मधे एक संस्था उभी राहून सौदा पुरा व्हायची हमी देते. आमचे जुने साहेब तेव्हा रिटायरमेंटला आले होते. त्यांनी पहिली सेटलमेंट शीट हातात घेतली, दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, हे दहा वर्षं आधी असतं तर. बस. यापुढं ते काही बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही.

म्हणून पुढचा सिनेमा लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे, अगदी मनापासून. ब्रोकर सोडा थोडे दिवस. त्याचा बंगला, त्याची गाडी, त्याचं हसणं झालं सगळं दाखवून. बँक ऑफ कराडची गोष्ट कोणीतरी करा, कराड आणि फोर्ट अशी दोन गावं घेऊन. किंवा अलीकडचं पाहिजे असेल तर पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक घ्या. सप्टेंबर 2019, रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि खातेदाराला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढता येतील असं सुरुवातीला जाहीर झालं, शाखांबाहेर म्हातारी माणसं पासबुक घेऊन उभी. आत काय चाललं होतं तर एचडीआयएल या बिल्डर कंपनीची थकलेली कर्जं लपवायला हजारो खोटी कर्जखाती, एकवीस हजाराच्या वर. विचार करा, एकवीस हजार खोटी खाती! ती कोणीतरी बसून बनवली ना, नावं घातली, आकडे घातले, ऑडिटरसमोर ठेवली. बाहेर रांगेतली बाई आणि आत ती खाती बनवणारा क्लार्क एकाच लोकलनं घरी जात असतील. यात गाडी-बंगला नाही, पण थरार किती आहे बघा.

आणि लिहायच्या आधी माणसांना भेटा. रिसर्च म्हणजे नुसतं इंटरनेटवरचे जुने फोटो बघून फियाट गाड्या आणि पेजर गोळा करणं नव्हे. पब्लिक डेट ऑफिसात रजिस्टर लिहिणारे, एसजीएल फॉर्म घेऊन मिंट रोडवर खेपा घालणारे, रिंगमध्ये ओरडून घसा बसलेले जॉबर, टेंटेड शेअरचे अर्ज टाइप करून देणारे, हे लोक कल्याण, डोंबिवली, बोरिवली, ठाण्यात अजून आहेत. चहा पाजला तर दोन तास बोलतील, जुन्या डायऱ्या काढून दाखवतील, कोणाच्या टेबलावर कोणता शिक्का असायचा हे सांगतील. आजवर त्यांना फारसं कोणी विचारलेलं नाही. मी माझ्या परीनं चार जणांची गाठ घालून द्यायला तयार आहे, आणि फुकट, श्रेयनामावलीत नाव वगैरे काही नको. फक्त वेळ काढून लवकर या, कारण 1992ला जे चाळिशीत होते ते आता सत्तरी ओलांडून गेलेत.

आपली,
बँकेच्या बॅक-ऑफिसमधली एक निवृत्त कर्मचारी
डोंबिवली